चाकांवरचा सेट: ढकलताना हलका, उभं राहताना पक्का

कॉलेजच्या एकांकिकेत, मग ती पुरुषोत्तम करंडकाची असो वा स्नेहसंमेलनातली, चाकांची लेव्हल (पात्रं ज्यावर उभी राहतात तो लाकडी चौथरा) मोडून पडण्यापेक्षा घसरण्याची आणि कलंडण्याची भीती जास्त असते. म्हणून पहिला नियम: चाकं फक्त सेट हलवण्यासाठी. पात्र वर चढलं की भार पायांवर यायला हवा.

६ × ४ फुटांची, २ फूट उंच लेव्हल घेऊ. वर १८ मिमी प्लाय, खाली लाकडी चौकट. तिचं वजन साधारण ६० किलो, वर चार मुलं धरली तर एकूण ३०० किलो. याला चारने नव्हे, तीनने भागा. रंगमंचाच्या फळ्या कधीच सपाट नसतात. एक चाक अधांतरी राहतं आणि उरलेली तीन भार पेलतात. म्हणजे दर चाकाची क्षमता किमान १०० किलो हवी. चाक ४ इंची, रबर किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) घ्या. २ इंची चाक फळ्यांच्या फटीत अडकतं आणि नायलॉनचं चाक शेवटच्या रांगेपर्यंत खडखडतं.

चाकं स्क्रूने लावू नका, धक्क्यांनी ते प्लायमधून उपटतात. ८ मिमीचे आरपार बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) वापरा.

चाकाचा ब्रेक दाबला की काम झालं असं वाटतं, पण साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, वरच्या कॅस्टरचं, म्हणजे चाक धरणाऱ्या फिरत्या बैठकीचं, वळणं नाही. त्यामुळे लेव्हल जागच्या जागी डुलते आणि उडी मारणाऱ्या मुलाचा तोल जातो. यावर स्वस्त उपाय पाचरींचा. लेव्हलचे चार पाय जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. ६ इंच लांब, जाड टोकाला पाऊण इंचाच्या, तळाला रबर चिकटवलेल्या पाचरी करा. एकाने कोपरा उचलायचा, दुसऱ्याने पाचर सरकवायची. चाक हाताने सहज फिरलं, तरच भार पायांवर आला असं समजा. पाचर सुतळीने पायालाच बांधून ठेवा. ब्लॅकआऊटमध्ये शोधत बसायला वेळ नसतो.

दरवाज्याचा ८ फुटी फ्लॅट (सेटची उभी भिंत) अधिक धोक्याचा, कारण तिथे दार आपटलं जातं. त्याच्या पायथ्याची खोली (पुढून मागपर्यंतचं अंतर) उंचीच्या निम्मी, म्हणजे ४ फूट ठेवा. विंगेत तेवढी जागा नसेल तर ३ फूट चालेल, पण मग ब्रेसच्या (फ्लॅटला मागून दिलेल्या तिरक्या टेक्याच्या) मागच्या टोकावर २०-२५ किलो वाळूची पोती हवीतच. आणखी एक गोष्ट सहसा सुटते: दिशा बदलली की फिरती चाकं आत वळतात आणि आधार दोन्ही बाजूंनी दीडेक इंच आक्रसतो. खोली मोजायची ती चाकं आत वळवून.

ढकलायला दोघं, हात कमरेच्या खाली. वरून ढकललं तर पुढचं चाक अडकताच फ्लॅट पालथा होतो. वर कुणी उभं असताना लेव्हल हलवायची नाही. जागा पांढऱ्या टेपने आखा, आणि रंगमंचाच्या काठापासून ३ फूट आत थांबा. बदलाची सूचना एकानेच द्यावी आणि पाचरी बसल्यावर त्यानेच ‘पक्कं’ म्हणावं. तो शब्द ऐकू येईपर्यंत पात्राने पायरीवर पाय ठेवायचा नाही. पूर्ण वेशात, काळोखात, हाच क्रम रंगीत तालमीत करून बघा.