जुनं ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्सवरची काळी स्क्रीन: या चुका टाळा

जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं, इन्स्टॉल नीट झालं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी. किंवा डेस्कटॉप येतो पण १०२४ बाय ७६८ मध्ये, सगळं ढोबळ आणि ताणलेलं दिसतं. मग बहुतेक जण गुगल करतात, पहिल्या उत्तरातली कमांड मारतात, नाही जमलं तर दुसऱ्यातली, मग तिसऱ्यातली, आणि आधीची जी फसली ती काढून टाकायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं सरळ मत आहे, जुन्या कार्डची बरीचशी दुखणी कार्डची नसतातच, आधी करून ठेवलेल्या उपायांची असतात.

पहिली चूक म्हणजे कार्ड कुठलं आणि ड्रायव्हर कुठला चाललाय हे न बघताच हात घालायचा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही पीसीत बसलेली कार्डं दाखवणारी कमांड डॅश एनएनके लावून चालवा, व्हीजीएवाल्या ओळीच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ दिसेल. तिथे नूव्हो (एनव्हिडिया कार्डचा लिनक्ससोबत येणारा ड्रायव्हर), एनव्हिडिया (कंपनीचा स्वतःचा), रेडिऑन (जुन्या एएमडीचा), आय९१५ (इंटेलचा) यातलं काहीतरी पाहिजे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर लोडच झालेला नाही, मग सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्यूशन शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

आणि बॉक्सवरच्या नावावर अजिबात जाऊ नका. जीटी ७३० याच एका नावाखाली एनव्हिडियाने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्यात, फर्मी आणि केपलर, दोघींना लागणारा ड्रायव्हर वेगळा. एलएसपीसीआयमध्ये जीएफ१०८ दिसलं तर फर्मी, जीके२०८ दिसलं तर केपलर. सेकंड हँड मार्केटमध्ये तर जुन्या चिपचा बायोस बदलून नव्या नावाने खपवलेली कार्डंही फिरतात, त्यामुळे स्टिकर वाचून ड्रायव्हर टाकला की फसलात.

ढोबळ हिशेब असा: ८४०० जीएस, ९५०० जीटी, जीटी २१० वगैरेंना एनव्हिडियाचा ३४० मालिकेचा ड्रायव्हर, त्याचं शेवटचं व्हर्जन डिसेंबर २०१९ चं. फर्मीला ३९०, तो २०२२ च्या शेवटी संपला. केपलरला ४७०, त्याचा सपोर्ट २०२४ मध्ये बंद झाला. आता २०१९ चा ड्रायव्हर आजच्या कर्नलवर (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर) पॅच न मारता बिल्ड होत नाही, हे सरळ आहे. म्हणून गेमिंग करायचं नसेल तर जुन्या एनव्हिडियावर नूव्होच ठेवा. तो स्लो आहे हे खरं, केपलरवर क्लॉक (चिपचा वेग) हाताने वाढवावा लागतो आणि फर्मीवर तेवढीही सोय नाही, पण ब्राउझर, ऑफिस, थोडे सिनेमे यासाठी चालून जातो.

नोमोडसेटची सवय

इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली की ग्रबमध्ये (पीसी सुरू होताना येणाऱ्या मेनूत) नोमोडसेट टाका असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे, पण ते फक्त आत शिरण्यापुरतं. लोक ते कायमचं ठेवून देतात. नोमोडसेट असलं की नूव्हो, रेडिऑन, आय९१५ हे ड्रायव्हर चालूच होत नाहीत, डेस्कटॉपचं सगळं रंगकाम सीपीयूच्या डोक्यावर पडतं आणि मग लोक म्हणतात लिनक्स स्लो आहे. जीएलएक्सइन्फो डॅश बी चालवून बघा, रेंडररच्या जागी एलएलव्हीएमपाइप असं आलं तर कार्ड नुसतं बसून आहे. ईटीसी डिफॉल्ट ग्रब या फाइलमधून तो शब्द काढायचा, अपडेट-ग्रब मारायचं, रीस्टार्ट.

मागे राहिलेल्या फायली

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. वेबसाइटवरून डॉट रन फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला, चालला, सगळे खुश. काही दिवसांनी कर्नल अपडेट आलं, त्या नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलंच नाही, स्क्रीन काळी. मग कुणीतरी सांगितलं म्हणून वैतागून ड्रायव्हर उडवला, वाटलं आता नूव्हो आपोआप येईल. तो येत नाही, कारण मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये नूव्होला ब्लॅकलिस्ट करणारी, म्हणजे लोडच होऊ न देणारी छोटीशी फाइल तशीच पडलेली असते, जेमतेम दोन ओळींची, आणि तिच्यामुळे ना एनव्हिडिया ना नूव्हो. तिच्या जोडीला एक्सऑर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइल राहिलेली असते, तिच्यात अजून ड्रायव्हर एनव्हिडिया असंच लिहिलेलं, त्यामुळे एक्स सर्व्हर (एक्सऑर्ग, स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम) आता नसलेला ड्रायव्हर शोधतो आणि 'नो स्क्रीन्स फाउंड' म्हणून बंद पडतो.

अशा वेळी फॉरमॅट मारायची घाई करू नका. कंट्रोल, ऑल्ट, एफ३ दाबा, काळ्या स्क्रीनमागे बऱ्याचदा लॉगिन प्रॉम्प्ट जिवंत असतो. नसेलच तर ग्रबच्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडून आत या. डॉट रन फाइलने टाकलेला ड्रायव्हर एनव्हिडिया-अनइन्स्टॉल कमांडने काढा, पॅकेजने टाकलेला असेल तर पॅकेज मॅनेजरने पर्ज करा, म्हणजे सेटिंग्जसकट काढा (दोन्ही प्रकारे टाकून ठेवलं असेल तर दोन्ही करा, असे महाभाग असतात). ब्लॅकलिस्टची फाइल आणि एक्सऑर्ग डॉट कॉन्फ डिलीट न करता दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, उबंटू-मिंट-डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू चालवा कारण ब्लॅकलिस्टची कॉपी सुरुवातीला लोड होणाऱ्या इनिटरॅमएफएस फाइलमध्येही बसलेली असू शकते, हे लोक हमखास विसरतात, आणि मग रीस्टार्ट. तरी नाही आलं तर एक्सऑर्गचा लॉग उघडून कंसात डबल ई असलेल्या ओळी वाचा, काय बिनसलंय ते तिथे बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं.

केबलकडे कुणी बघतच नाही

ड्रायव्हर बरोबर, तरी १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही? मॉनिटर व्हीजीएवर असेल तर केबल काढून तिच्या पिना बघा. पंधरापैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपली माहिती कार्डला देतो, मला अमुक रिझोल्यूशन चालतं वगैरे. स्वस्त केबलमध्ये या पिना किंवा त्यांच्या तारा गायबच असतात, काही एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टरही ही माहिती पुढे पाठवत नाहीत, मग कार्ड अंदाजाने सुरक्षित रिझोल्यूशन देतं. आधी दुसरी केबल लावून बघा, खरंच.

केबल बदलणं शक्य नसेल तर सीव्हीटी कमांडने मोडलाइन (त्या रिझोल्यूशनचे आकडे असलेली ओळ) काढून एक्सरँडर या कमांडच्या न्यूमोड आणि अॅडमोडने ती चढवता येते. १३६६ बाय ७६८ मागितलं तर सीव्हीटी १३६८ देतं, घाबरू नका, ते आठच्या पटीत मोजतं. हे सेटिंग रीस्टार्टला उडतं म्हणून स्टार्टअपमध्ये टाका. वेलँडवर (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पद्धत) एक्सरँडरचा हा उपाय चालत नाही, तिथे ग्रबमध्ये व्हिडिओ इक्वल्स करून पोर्टचं नाव आणि रिझोल्यूशन द्यावं लागतं.

वेलँडचा विषय निघालाच आहे तर, ३४० आणि ३९० ड्रायव्हरवर वेलँड चालत नाही, लॉगिन स्क्रीनवर एक्सऑर्गचं सेशन निवडा. उबंटू २५.१० मध्ये ग्नोमचं (उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपचं) ते एक्सऑर्ग सेशनच काढून टाकलंय, त्यामुळे अशा कार्डवर मिंट सिनॅमन किंवा एक्सएफसीई बरं.

एएमडीवाल्यांचं सोपं असतं. एचडी ५४५०, ६४५० साठी कुठलाही कॅटलिस्ट (एएमडीचा जुना ड्रायव्हर) शोधू नका, कर्नलमधला रेडिऑन पुरतो. डेबियनवर फर्मवेअरचं पॅकेज आहे ना तेवढं बघा, १२ च्या आधीच्या इन्स्टॉलरमध्ये ते येत नव्हतं. जुन्या इंटेल ऑनबोर्डवर स्क्रीन फाटल्यासारखी दिसत असेल तर एक्सऑर्गचा वेगळा इंटेल ड्रायव्हर काढून एक्सऑर्गचाच सर्वसाधारण मोडसेटिंग ड्रायव्हर वापरून बघा.

जुनं कार्ड नव्या मदरबोर्डवर लावलंय आणि बायोसच दिसत नाही, तर त्या कार्डला यूईएफआयचा (नव्या पद्धतीच्या बायोसचा) सपोर्ट नसणार, बोर्डात सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय) असेल तर चालू करावं लागेल. मॉनिटरची केबल कार्डऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लागली नाहीये ना, तेही एकदा मागे वाकून बघून घ्या.

आणि पट्टे, ठिपके, रंगीबेरंगी कचरा बायोसच्या किंवा ग्रबच्या स्क्रीनवरच दिसत असेल तर लिनक्सला हात लावू नका, तिथपर्यंत लिनक्स आलेलंच नाही. पॉवर बंद करून कार्ड काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकीच पुसा, फॅनची धूळ काढा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला, फुगलेले कपॅसिटर दिसतात का बघा. त्यानंतरही ठिपके तसेच राहिले तर कार्ड बाजूला ठेवून ऑनबोर्डवर काम चालवा.