परदेशातून घोडा आणताय? या चुका टाळा

घोडा पसंत पडतो, अॅडव्हान्स पाठवून होतो आणि मग कुणीतरी विचारतं, "पण याला भारतात आणायला परवानगी मिळेल ना?" परदेशातून घोडा आणण्याच्या व्यवहारात पुण्यातली बरीच हौशी मंडळी इथेच अडकतात. घोडा चांगला निवडलेला असतो, पण कामांचा क्रम चुकलेला असतो. कागदपत्रं, रक्ततपासणी, क्वारंटाइनची जागा आणि पुण्यात उतरण्याचा महिना हे सगळं आधी ठरायला हवं. पैसे त्यानंतर.

जिवंत जनावरांची आयात 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली येते आणि तिचं नियंत्रण केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाकडे असतं. घोडा ज्या देशातून यायचा, तिथल्या सरकारी पशुवैद्यकाने भारताच्या अटींप्रमाणे आरोग्य प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारू नका, विभागाला विचारा: या देशातून घोडा येऊ शकतो का, कोणत्या अटींवर, आणि आपल्या कामासाठी डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागेल का? हे लेखी हाती येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नका. घोडा गेले काही महिने नेमका कुठल्या देशात होता तेही विचारा. जन्म जर्मनीतला आणि मुक्काम तिसऱ्याच देशातला, असं सर्रास असतं, आणि प्रमाणपत्राला मुक्काम महत्त्वाचा वाटतो.

पुण्यात सरकारी पशु क्वारंटाइन केंद्र नाही. अशी केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत. म्हणजे आपला घोडा बहुधा मुंबईत उतरणार, विलगीकरणात राहणार आणि मग घाट चढून येणार. ती जागा आणि तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं बुकिंग करू नका.

रक्ताचे अहवाल सौद्याच्या आधी

प्रमाणपत्रात ज्या रोगांची नावं आहेत, त्यांच्या तपासण्या खरेदीपूर्वीच करून घ्या आणि करारात स्पष्ट लिहा की अहवाल विरुद्ध आला तर सौदा रद्द, पैसे परत. प्रजननासाठी नर आणत असाल तर इक्वाइन व्हायरल आर्टेरायटिसकडे, म्हणजे नराच्या वीर्यातूनही पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाकडे, खास लक्ष द्या. या रोगाची लस घेतलेला घोडाही रक्ततपासणीत पॉझिटिव्ह दिसतो. लशीपूर्वीचा निगेटिव्ह अहवाल सोबत नसेल तर घोडा रोगी आहे की नुसता लस घेतलेला, हे नुसत्या रक्ततपासणीवरून सांगता येत नाही. उत्तम घोडा या एका हरवलेल्या कागदापायी अडकून पडू शकतो.

तपासणी कुणाचा डॉक्टर करतो?

सगळ्यात महागडी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विक्रेता म्हणतो, "आमचे डॉक्टर या घोड्याला लहानपणापासून ओळखतात." तोच डॉक्टर नको. ज्याचा त्या तबेल्याशी काही व्यवहार नाही असा घोड्यांचा पशुवैद्यक तुम्ही स्वतः नेमा, त्याची फी तुम्ही द्या आणि अहवाल थेट तुमच्याकडे मागवा. ब्रिटनमध्ये पाच टप्प्यांची तपासणी रूढ आहे: उभ्या घोड्याची पाहणी, चालवून आणि दुडकीवर पाहणं, मेहनत करवून हृदय आणि श्वास ऐकणं, विश्रांतीनंतर पुन्हा पाहणं आणि शेवटी परत एकदा दुडकीवर. दोन टप्प्यांत उरकलेली तपासणी स्वस्त पडते, पण दम लागल्यावर घशातून येणारा घरघराट किंवा थंड झाल्यावर दिसणारा लंगडेपणा तीत निसटतो.

त्याच वेळी रक्ताचा नमुना काढून सीलबंद ठेवायला सांगा. वेदनाशामक किंवा शांत करणारं औषध देऊन घोडा दाखवला जाणं ही अशक्य गोष्ट नाही. इथे आल्यावर तो अचानक लंगडू लागला किंवा अंगावर येऊ लागला, तर तोच नमुना तुमचा पुरावा असतो. उडीचा किंवा ड्रेसाजचा (स्वाराच्या इशाऱ्यांवर ठरावीक चाली करून दाखवण्याच्या खेळाचा) घोडा असेल तर पायांचे एक्स-रे काढून इथल्या तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा.

नुसत्या व्हिडिओवर घोडा घेऊ नका. जाता येत असेल तर जा, आणि तुम्ही पोहोचण्याआधी घोड्यावर कुणी बसू नये असं बजावा. तबेल्यातून बाहेर येताना, खोगीर चढवताना, नाल तपासायला पाय उचलताना तो कसा वागतो ते बघा. सोबत नेलेला प्रशिक्षक दोन्हीकडून कमिशन घेतो का, हे तोंडावर विचारायला संकोचू नका. विचारल्यावर खरा माणूस रागावत नाही.

घोड्याचा पासपोर्ट म्हणजे मालकी नव्हे. तो घोड्याची ओळख सांगतो. मायक्रोचिपचा 15 अंकी क्रमांक यंत्राने वाचून पासपोर्टशी ताडून बघा आणि वेगळं विक्रीपत्र घ्या. थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) असेल तर मूळ देशाच्या स्टड बुककडून, म्हणजे वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून, निर्यात प्रमाणपत्र आलंच पाहिजे, नाहीतर पुढे शिंगरांच्या नोंदणीत अडचण येते. स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया तर आपल्या पुण्यातच आहे, आधीच जाऊन विचारा.

खर्चाचा अंदाज नेहमी कमी धरला जातो, कारण सीमाशुल्क नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, विमानभाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर ते लागतं.

"इथे तयार करू आणि युरोपात खेळायला नेऊ" हा बेतही जपून करा. येणं आणि परत जाणं यांचे नियम वेगळे आहेत. ग्लँडर्ससारख्या (घोड्यांचा जीवघेणा, जिवाणूंमुळे होणारा) संसर्गजन्य रोगांमुळे भारतातून घोडा बाहेर नेणं फार कठीण होतं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणारे आपले स्वार युरोपात सराव करत होते आणि घोडेही तिथलेच होते. 2025 मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण पुण्याजवळच्या खासगी तबेल्यातला घोडा त्यामुळे आपोआप पात्र ठरत नाही.

उतरल्यानंतरचे दिवस

विमानात घोड्याचं डोकं तासन्‌तास उंच बांधलेलं असतं. डोकं खाली घालता न आल्याने श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही आणि काही घोड्यांना फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होतो. तो उतरताक्षणी दिसेलच असं नाही. निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 अंश सेल्सियस असतं. त्याच्या वर गेलं, खोकला आला किंवा दाणा सोडला तर "प्रवासाचा शीण असेल" म्हणत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. चारा जमिनीवर टाका, म्हणजे डोकं खाली जाईल.

खाण्यात घाई नको. तिकडे काय आणि किती खात होता ते लिहून घ्या आणि आपला लसूणघास, ओट दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. एकदम बदल झाला की पोटशूळ उठतो. गव्हाच्या कोंड्याचा मारा करण्याची आपल्याकडची सवयही सोडा. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असल्याने हाडं कमकुवत होतात.

महिना निवडायचा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. युरोपातला घोडा एप्रिलमध्ये पुण्याच्या उन्हात उतरवणं क्रूर आहे. काही आयात घोड्यांचा घाम पुढे कमी होतो किंवा थांबतोच. कामानंतर अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास वेगाने चाललेला दिसला तर काम तिथेच थांबवा, थंड पाणी ओता आणि सावलीत वारा मिळेल असं उभं करा.

खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात असते. गोचिडांतून पसरणारा पायरोप्लाझ्मोसिस आणि चावऱ्या घोडेमाशांमुळे पसरणारा सर्रा हे दोन्ही आपल्या मातीतले रोग आहेत, आणि थंड देशातल्या घोड्याच्या शरीराला त्यांची ओळख नसते. मुळशीच्या बाजूला कित्येक तबेल्यांना लागूनच म्हशींचे गोठे असतात. म्हैस वरवर धडधाकट दिसत असतानाही सर्ऱ्याचे परजीवी बाळगू शकते. जागा निवडताना हे बघा. गोचिडांसाठी कान, आयाळीचं मूळ आणि शेपटीखाली रोज हात फिरवायला सईसाला शिकवा. वरातीच्या घोड्यांसोबत पाण्याची टाकी वाटून घेऊ नका. ग्लँडर्स 2006 मध्ये महाराष्ट्रात आढळला होता, तो माणसालाही होतो आणि लागण ठरलेला घोडा कायद्याने मारावा लागतो.

हिरड्या फिकट किंवा पिवळसर, लघवी लालसर, खाऊनही वजन उतरतंय, पोटाखाली आणि पायांवर सूज, ताप येतो-जातो, यातलं काहीही दिसलं तर औषध देण्याआधी रक्ताची स्लाइड करून घ्या. ताप उतरल्यावर सर्ऱ्याचे परजीवी स्लाइडमध्ये अनेकदा सापडतच नाहीत, म्हणून ताप चढलेला असतानाच रक्त काढायला लावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.