क्वांटम संगणकाचा वेग मोजताना या चुका टाळा

‘क्वांटम संगणक नेहमीच्या संगणकापेक्षा कोटीपट वेगवान असतो’ हे वाक्य पहिल्याच पानावर दिसले की तो अहवाल मी बाजूला ठेवतो. कोणत्या समस्येसाठी आणि कोणत्या अल्गोरिदमने, हे सांगितल्याशिवाय अशा पटीला काहीही अर्थ नसतो. शोर यांचा १९९४ चा अल्गोरिदम मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यात प्रचंड फायदा देतो. ग्रोव्हर यांचा १९९६ चा अल्गोरिदम मात्र वर्गमूळापुरताच, म्हणजे दहा लाख नोंदींतील एक शोधण्यासाठी सरासरी पाच लाखांऐवजी सुमारे ७८५ पृच्छा. ईमेल लिहिण्यात किंवा हिशेबाच्या तक्त्यात यांपैकी कशाचाच उपयोग नाही.

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परीक्षक म्हणून गेलो असता ग्रोव्हरच्या शोधाचा वेग दाखवणारा एक देखणा आलेख समोर आला. परिपथ, म्हणजे गणनेच्या पायऱ्यांची आकृती, उघडून पाहिला, तर शोधायचे उत्तर १०११ होते आणि ओरॅकलमध्ये (योग्य उत्तर ओळखणाऱ्या भागात) नेमक्या शून्याच्या जागी एक्स-गेट (शून्याचा एक करणारी क्रिया) बसवलेले होते. म्हणजे उत्तर आधीच लिहून ठेवून मग ते शोधले जात होते. त्यावर कळस म्हणजे दोन्ही बाजूंचा वेळ एकाच लॅपटॉपवर मोजला होता: ‘क्वांटम’ बाजूला वेगवान सी++ भाषेतील सिम्युलेटर (क्वांटम संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) आणि ‘क्लासिकल’, म्हणजे नेहमीच्या संगणकाच्या, बाजूला संथ पायथॉन भाषेतील साधा लूप. आठवडाभरात प्रकल्प उरकणाऱ्यांकडून दुसरे काय होणार? मी हल्ली आलेखाआधी परिपथ मागतो, आणि कोणती वेळ कोणत्या यंत्रावर मोजली हे लेखी घेतो.

प्रतिस्पर्धी दुबळा निवडण्याची चूक मोठ्यांनाही टाळता आलेली नाही. २०१९ मध्ये गूगलच्या ५३ क्युबिटांच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम माहितीचे एकक) सायकॅमोर या क्वांटम चिपने २०० सेकंदांत केलेल्या, यादृच्छिक परिपथातून नमुने घेण्याच्या कामाला समिट महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील, असा दावा झाला. आयबीएमने लगेच अडीच दिवसांचा अंदाज मांडला, आणि २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी तुल्य नमुने ५१२ जीपीयूंवर (ग्राफिक्स प्रोसेसरांवर) सुमारे १५ तासांत मिळवले. त्यामुळे क्लासिकल बाजूची सर्वोत्तम ज्ञात पद्धत आणि तिची तारीख नोंदवल्याशिवाय मी तुलना स्वीकारत नाही.

क्लाउडवरील रांगेत गेलेला वेळ गणनेच्या वेळेत धरू नये. शॉट्सची संख्या, म्हणजे परिपथ किती वेळा चालवला ते, लपवू नये. भौतिक, म्हणजे चिपवरील प्रत्यक्ष, क्युबिट मोजून ते त्रुटीमुक्त तार्किक क्युबिट असल्यासारखे मिरवू नये. त्रुटी दुरुस्त करण्यासाठी एका तार्किक क्युबिटामागे शेकडो, कधी हजारो भौतिक क्युबिट लागू शकतात.