‘अल्ब्युमिन निल’ वाचून थांबू नका: एसीआर तपासणीला जाण्याआधी

एसीआर म्हणजे किडनीतून अल्ब्युमिन किती गळतंय ते लघवीवरून मोजणारी तपासणी. तिला जाण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट बघा. तिच्यावर नुसतं ‘यूरिन रुटीन’ असेल, तर ती तपासणी वेगळी. तिच्यात रंगीत चौकोनांची पट्टी लघवीत बुडवतात आणि रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन: निल’, म्हणजे अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत नाही, असं येतं. शुगर असलेली कितीतरी मंडळी या ‘निल’च्या भरवशावर वर्षानुवर्षं निर्धास्त राहतात. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. रिचर्ड ब्राइट १८२७च्या सुमारास चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत आणि पांढरं काही साकळतंय का ते बघत. त्या मानाने पट्टीने मोठीच सोय केली. पण किडनीची चाळण नुकतीच सैल व्हायला लागलेली असताना जे थोडंसं अल्ब्युमिन झिरपतं, ते साध्या पट्टीच्या हाती लागत नाही.

तुम्हाला हवी ती तपासणी म्हणजे यूरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, थोडक्यात एसीआर. बऱ्याच लॅबच्या दरपत्रकात अजून ‘यूरिन मायक्रोअल्ब्युमिन’ असंच छापलेलं असतं, म्हणून पावती फाडण्याआधी काउंटरवर विचारून घ्या: रेशो देता ना? कारण नुसतं अल्ब्युमिन मोजलं आणि तुम्ही सकाळी तांब्याभर पाणी पिऊन आला असाल, तर लघवी पातळ होऊन आकडा आपोआप खाली येतो. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून येऊन लघवीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ. त्याच्याशी भागलं की हा घोळ बराचसा मिटतो. त्यासाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवत बसायची गरज सहसा उरत नाही.

टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वर्षी पहिली तपासणी आणि मग दरवर्षी. टाइप १ असेल तर निदानानंतर ५ वर्षांनी सुरुवात. बीपी असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. ‘मला कुठे सूज आहे, कुठे लघवीला फेस येतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. या टप्प्यावर किडनी कसलीच तक्रार करत नाही.

आता दिवस कोणता निवडायचा? खरी तयारी इथेच आहे आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. रविवारी सिंहगड चढून आलात आणि सोमवारी सकाळी डबी भरून दिलीत, तर त्या आकड्यात गडाचाही वाटा असतो. जोरदार व्यायामानंतर २४ तासांपर्यंत लघवीतलं अल्ब्युमिन वाढलेलं असू शकतं. रोजच्या चालण्याचं काही नाही, पण ट्रेक, लांबची धाव, जिममधला दमवणारा दिवस टाळा. ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल, तर आधी ते बरं होऊ द्या. बायकांनी पाळीचे दिवस सोडून तारीख घ्यावी आणि हे काउंटरवर सांगायला लाजू नये. शुगर भलतीच चढलेली असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल, तरीही आकडा फुगतो. अशा वेळी थांबायचं की नाही ते डॉक्टरांवर सोडा.

एसीआरला उपाशी राहावं लागत नाही. मात्र त्याच वेळी रक्तातली फास्टिंग शुगरही द्यायची असते, म्हणून उपाशी बोलावतात. पाणी नेहमीइतकंच प्या. रक्तातलं क्रिएटिनिनही सोबत होणार असेल, आणि ते व्हायलाच हवं, तर आदल्या रात्री मटणावर ताव मारू नका. भरपूर मांस खाल्ल्यावर तो आकडा तात्पुरता वर जातो.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्यांनी अल्ब्युमिनची गळती कमी होते, पण म्हणून ‘खरा आकडा कळावा’ यासाठी त्या सोडायच्या नसतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी शुगरची गोळी चालू असेल तर रुटीन रिपोर्टमध्ये लघवीत साखर दिसणारच, ते औषधाचं कामच आहे. बघून घाबरू नका. गुडघ्यांसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, कुणीतरी दिलेलं बिननावाचं चूर्ण, सगळं कागदावर लिहून न्या. ही यादी डॉक्टरांपासून लपवण्यात काहीच फायदा नाही.

डबी लॅबमधूनच आदल्या दिवशी आणा. धुतलेली औषधाची बाटली नको. नाव आणि वेळ डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नव्हे. लॅबमध्ये झाकणं उघडून बाजूला ठेवतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, झाकण घट्ट लावा. तास-दोन तासांत पोचवा. घरी सॅम्पल न्यायला येणारा मुलगा उशिरा येणार असेल तर डबी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. पहिली लघवी हुकली तर दिवसातली कुठलीही चालते, फक्त वेळ सांगा.

रिपोर्ट आला की आकड्याआधी एकक वाचा. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाल्याची खूण, ३००च्या वर म्हणजे बरीच वाढलेली. मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम लिहिलं असेल तरी आकडा तोच धरा. इंग्लंडमधल्या मुलाने व्हॉट्सॲपवर ‘आमच्याकडे ३च्या खाली लागतो’ असं कळवलं तर गोंधळू नका, तिथे मिलिग्रॅम प्रति मिलिमोलमध्ये मोजतात.

एकदा ४५ आला म्हणून किडनी गेली असं होत नाही. ३ ते ६ महिन्यांत तीन नमुने द्यायचे, त्यातले दोन वाढलेले निघाले तर पक्कं धरतात. पुढच्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये जा आणि रिपोर्टच्या मागे पेनने लिहून ठेवा: त्या दिवशी ताप होता का, बीपी किती होतं, आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, किती आला. आकडा ३००च्या वर असेल, लघवीत रक्त दिसलं असेल किंवा पायावर सूज असेल, तर मात्र दुसऱ्या नमुन्याची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.