बोर्ड न उघडता निजायच्या खोलीतला दिवा लांबून चालवायचा, तर आधी एवढं बघून ठेवा

दुकानात जाण्याआधी खोलीत उभं राहून वर बघा, कारण दिवा कशात बसवलाय यावर निम्मी खरेदी ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत बहुतेक ठिकाणी दोन पिनांचा, दाबून फिरवायचा होल्डर असतो. दुकानदार त्याला बी-२२ म्हणतात. शोभेच्या दिव्यांत आट्यांचा ई-२७ निघतो. होल्डर असेल तर काम सोपं आहे. खोलीत नुसती ट्यूब असेल किंवा छतात पॅनल बसवलेलं असेल, तर वायरला हात न लावता त्यांना रिमोट जोडण्याची सोय फारशी नाही. अशा वेळी ट्यूब आहे तशी राहू द्या आणि उशाशी टेबल लॅम्प ठेवून तो स्मार्ट प्लगवर, म्हणजे सॉकेट आणि लॅम्पच्या मध्ये बसणाऱ्या, फोनवरून चालणाऱ्या प्लगवर घ्या. प्लग घेताना पिना बघा: १६ अँपिअरच्या प्लगच्या जाड पिना खोलीतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटात शिरत नाहीत. लॅम्पचं स्वतःचं बटण कायम चालू स्थितीत राहणारं हवं. दाबलं की पेटणारं टच बटण असेल तर प्लगला करंट मिळाला तरी लॅम्प पेटत नाही. बोर्डाच्या आत बसवायचं मॉड्यूलही मिळतं, पण त्याला बहुधा न्यूट्रलची (करंट परत नेणारी) वायर लागते आणि ते वायरमनचं काम, म्हणून ते या यादीत धरलेलं नाही.

होल्डर असेल तर दोन वाटा उरतात, आणि कुठली घ्यायची हे खोलीत कोण निजतं त्यावर ठरवा. आजी-आजोबांची खोली असेल तर रेडिओ रिमोटचा होल्डर घ्या. जुन्या होल्डरमध्ये हा नवा होल्डर अडकवायचा, त्यात साधा एलईडी बल्ब, आणि हातात छोटा रिमोट. वायफाय नको, फोन नको. टीव्हीच्या रिमोटसारखा नेम धरावा लागत नाही, गोधडीच्या आतून दाबला तरी चालतो. मात्र खोक्यावर ‘आयआर’ लिहिलेलं असेल तर तो नेम धरायचा प्रकार आहे, तो परत ठेवा. बटणं सारखी दिसतात म्हणून ‘चालू’च्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड ठिपका द्या, वाळला की अंधारात अंगठ्याला लागतो. रिमोटला नाडी बांधून ती खाटेच्या दांडीला अडकवा. रात्री उठताना रिमोट खाली पडला आणि तो शोधायला माणूस अंधारात वाकला, तर सगळी खटपट वाया गेली. अशा बऱ्याच रिमोटांत १२ व्होल्टची २३-ए बॅटरी असते, ती रिमोटबरोबरच जास्तीची घेऊन ठेवा. रिमोट जवळ नेल्याशिवाय दिवा पेटेनासा झाला की बॅटरी उतरलीय असं समजा.

दुसरी वाट स्मार्ट बल्बची, म्हणजे फोनवरच्या ॲपमधून चालणाऱ्या बल्बची. ९ वॅटचा बल्ब साधारण खोलीला पुरतो आणि उजेड कमी-जास्त करता येतो. पण त्याला राऊटर लागतो, आणि बहुतेक बल्ब वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात, ५ वर नाही. राऊटरवर २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर जोडणी वारंवार अडते. दोघांची नावं वेगळी करा. जांभ्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंती सिग्नल खातात. खरेदीआधी खोलीचं दार लावून, फोन ५ गिगाहर्ट्झवरून काढून, दिव्याच्या खाली दोन्ही हात वर करून सिग्नल बघा. एखादीच रेघ दिसत असेल तर राऊटर हलवा, नाहीतर सरळ रेडिओ रिमोट घ्या.

बल्ब बदलण्याआधी बटण बंद करून भागत नाही, त्या खोलीची एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला खटका, पाडा. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटण करंट आणणाऱ्या फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये करंट असतोच. बंद केल्यावरही एलईडी काजव्यासारखा मिणमिणत असेल तर हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे बटणातला छोटा लाल इंडिकेटर. कुठलं ते वायरमनकडून तपासून घ्या. होल्डर काळा बेकलाइटचा असेल तर तडा आणि आतल्या दोन पिनांची स्प्रिंग बघा. स्प्रिंग ढिली असली की रिमोट होल्डरच्या वजनाने संपर्क सुटतो, चरचर आवाज येतो आणि प्लास्टिक करपतं. तसा होल्डर आधी बदलून घ्या, मगच त्यावर नवं काही लटकवा. रिमोट होल्डरमुळे बल्ब चार-पाच बोटं खाली येतो, तेव्हा शेड किती खोल आहे तेही मोजा. सगळीकडून बंद काचेच्या गोळ्यात स्मार्ट बल्ब घालू नका, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि सर्किट लवकर जातं. दिवा उजेड कमी-जास्त करायच्या जुन्या गोल रेग्युलेटरवर असेल तर स्मार्ट बल्ब लुकलुकेल. तिथे स्मार्ट बल्ब लावायचं टाळा.

आता करंटचं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्रीत दोन-चार वेळा करंट जातो-येतो, विशेषतः खानापूरच्या जंगलपट्टीत. बरेच स्मार्ट बल्ब करंट परत आला की आपोआप पूर्ण उजेडात पेटतात. रात्री अडीचला झोपलेल्या पोराच्या डोळ्यांवर तो उजेड पडू नये, म्हणून ॲपमध्ये ‘करंट आल्यावर काय करायचं’ ही सेटिंग पहिल्याच दिवशी शोधा आणि ‘आधी होता तसा’ निवडा. ही सेटिंग आहे की नाही, हे खरेदीआधी विचारा. नसेल तर तो बल्ब निजायच्या खोलीसाठी घेऊच नका. रिमोट होल्डरचंही तसंच, त्यातले काही करंट आल्यावर बंद राहतात, काही पेटतात. एमसीबी पाडून परत चढवली की कळतं. घरी इन्व्हर्टर असेल तर दिवे त्यावर असतात आणि राऊटरचं सॉकेट नेमकं बाहेर राहतं. राऊटर इन्व्हर्टरच्या सॉकेटात लावा. विजा कडकडायला लागल्या की राऊटरचा प्लग आणि त्यात येणारी तांब्याची केबल, दोन्ही काढून ठेवा.

दोन्ही वाटांत भिंतीवरचं बटण कायम चालू राहायला हवं. सवयीने कोणीतरी जाता जाता ते बंद करतंच, आणि मग रिमोट दाबून दिवा पेटत नाही. बटणावर पारदर्शक टेप लावा आणि शेजारी ‘चालूच ठेवा’ असं मराठीत, घरात कन्नड वाचणारी माणसं येत-जात असतील तर कन्नडमध्येही लिहा. कायम चालू ठेवल्याने बिल वाढतं का? तयार स्थितीतला बल्ब अर्धा वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला ०.३६ युनिट होतं.

भाड्याचं घर असेल तर काढलेला जुना बल्ब कागदात गुंडाळून, त्यावर खोलीचं नाव लिहून, जास्तीच्या बॅटरीबरोबर एकाच ड्रॉवरमध्ये ठेवा. घर सोडताना तोच परत लावायचा आहे, आणि एखाद्या रात्री नवा बल्ब गेला तर तोच हाताशी येईल.