रानातील सामूहिक शिबिर आणि वनौषधी : या चुका टाळा

डिसेंबरपासून मेपर्यंत गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांत रानातल्या मुक्कामी शिबिरांची गर्दी असते आणि अलीकडे त्यांच्या कार्यक्रमात ‘वनौषधींची ओळख’ हमखास घातलेली असते. ओळख करून घेण्यात वावगे काही नाही. घोटाळा होतो तो सकाळी पाहिलेल्या वेलीचा संध्याकाळी काढा करून सर्वांना पाजण्याची हौस सुटत नाही म्हणून.

नुसत्या पानावरून वनस्पती ओळखणे ही त्यातली पहिली चूक. गुळवेलीचे हृदयाकृती पान सर्वांना पाठ असते; पण तिच्याच कुळातील टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीचे पानही जवळजवळ तसेच असते आणि तिच्या सेवनाने यकृताला इजा होऊ शकते. आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये याच गल्लतीबद्दल सावध केले होते. म्हणून खोड पाहावे. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि ते कापल्यावर दुधासारखा चीक येतो. गुळवेलीत तसा चीक येत नाही. एवढे पाहूनही शंका उरली तर वेल जागच्या जागी सोडावी.

याहून गंभीर प्रकार कळलावीचा. पावसाळ्यात कुंपणावर चढलेली तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले आणि टोकाशी तणाव्यासारखी वळलेली पाने सहज ओळखू येतात. फुले गळून वेल सुकली की मात्र उरतो तो जमिनीतला कंद, आणि तो खाण्याजोगा वाटून फसगत होते. त्यात कोल्चिसीन हे विष असते. उलट्या आणि जुलाब काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे ‘कालचे जेवण बाधले’ असा समज होऊन मोलाचा वेळ जातो. असे झाल्यास घरगुती उतारा करत बसू नये. खाल्लेल्या कंदाचा उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बियाही विषारीच असतात, आणि बिब्ब्याचा रस नुसता हाताला लागला तरी फोड येतात.

ओळख बिनचूक असली तरी तीस जणांना एकाच पातेल्यातला काढा देणे चूकच. गुळवेलीने रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला ती त्रासदायक ठरू शकते. गर्भवती स्त्रियांना तर रानातले काहीही देऊ नये. गावातले जाणते वैद्य आधी रोग्याला विचारतात, मग झाडाकडे वळतात. शिबिरात नेमका हाच क्रम उलटा होतो. सर्वांना काही पाजायचेच असेल तर भिंड्याचे (कोकमाचे) सरबत आहेच की.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव आणि भगवान महावीर ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तेथून परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही, त्यामुळे ‘नमुन्यादाखल’ मूळ उपटणे हाही गुन्हाच होय. देवराईतून काही न नेण्याचा गावाचा दंडकही तितक्याच काटेकोरपणे पाळावा.

साप चावल्यावर पाला चोळणे, जखम चिरणे किंवा घट्ट आवळपट्टी बांधणे, यांपैकी काहीही करू नये. चावा बसलेला अवयव हलू न देता 108 वर संपर्क साधावा. रानात अनेक ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून प्रतिसर्पविष कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवावी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती गोचीड. सत्तरीत 2015 पासून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि गोचिडीचा हंगाम नेमका शिबिरांच्या व काजूच्या हंगामाशी जुळतो. तिची पिल्ले इतकी बारीक असतात की चटकन दिसतही नाहीत. पालापाचोळ्यावर बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजार मोज्यांत खोचावी आणि परतल्यावर अंग तपासावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. चिरडू नये, रॉकेल लावू नये. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे. ताप साधारणपणे तीन ते आठ दिवसांत, म्हणजे शिबिरार्थी आपापल्या घरी पोहोचल्यावर येतो. त्या वेळी काढ्यावर विसंबून न राहता आपण कोणत्या रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे आणि आयोजकांनी निदान पंधरवडाभर सर्वांची विचारपूस करत राहावी.