चैत्राच्या धामधुमीत क्रॉस स्टिचचं नवं काम कसं काढावं

पाडवा झाला की घरात वेगळीच गडबड सुरू होते. मुलांच्या वार्षिक परीक्षा, गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणं, संध्याकाळी कुणाकडे तरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. अशात भरतकामाला सलग दोन-तीन तास मिळतील ही आशा सोडा. तरीही क्रॉस स्टिच या दिवसांत छान जमतं, कारण ते कापडाच्या चौकटी मोजून फुलीचे टाके घालायचं काम आहे. वीस फुल्या घालून बाजूला ठेवलं तरी चार दिवसांनी नेमकं तिथूनच उचलता येतं. मात्र मोजणी आणि आखणी आधी चोख झालेली हवी. टाका दहा मिनिटांत शिकता येतो. काम रखडतं ते तयारी कच्ची राहिली म्हणून.

नक्षी: एकच कुयरी

तोरण, टेबलक्लॉथ, राधाकृष्णाची मोठी फ्रेम हे सगळं नंतर. मुलांच्या गणिताच्या चौकटींच्या वहीत शेवटची पानं कोरी उरलेली असतातच. त्यावर पेन्सिलीने 40 चौकटी रुंद आणि 56 चौकटी उंच अशी कुयरी काढा. तिची वळणं पायऱ्यापायऱ्यांची दिसतील, त्याने बिचकू नका. हातभर अंतरावरून ती गोलच भासतात. रंग दोन, फार तर तीन. चैत्रांगणातलं कमळ किंवा गोपद्मंही चौकटीत सुरेख बसतात.

कापड: पट्टी घेऊनच दुकानात जा

'आयडा' या चौकटींच्या विणीच्या कापडावर 14 काउंट लिहिलं असेल तर एका इंचात 14 चौकटी, म्हणजे 14 फुल्या. आपली कुयरी 56 चौकटी उंच, म्हणजे बरोबर 4 इंच. रुंदी 3 इंचांना जरा कमी. चारी बाजूंनी 3-3 इंच सोडायचे, म्हणून 9 बाय 10 इंचांचा तुकडा घ्या. हीच कुयरी 11 काउंटवर 5 इंचांहून किंचित उंच होते आणि डोळ्यांना सोपी जाते. चाळिशी लागली असेल तर 11च घ्या, उगाच हट्ट नको.

मीटरवर मिळणाऱ्या मॅटी कापडावर बहुतेक वेळा काउंट लिहिलेला नसतो. पट्टी ठेवून एका इंचातल्या चौकटी आडव्या मोजा, मग उभ्या मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुयरी लांबट नाहीतर बसकी होणार. असा तुकडा स्वस्त असला तरी घेऊ नका.

धागा, सुई, रिंग

अँकर किंवा डीएमसीची लडी 8 मीटरची आणि 6 पदरी असते. 14 काउंटला 2 पदर लागतात, 11 ला 3. पदर एकेक करूनच वर ओढून काढा आणि मग एकत्र करा. दोन एकदम ओढले की गुंता ठरलेला. या कुयरीला प्रत्येक रंगाची एक लडी पुरून उरते. लाल आणि राणी रंगाचा धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा, कारण रंग सुटला तर सगळी मेहनत वाया. सुई बोथट टोकाची, 24 नंबरची. टोकदार सुई भोकातून जाण्याऐवजी कापडाच्या धाग्यात घुसते. कापड ताणून धरायची रिंग 6 इंचांची पुरे.

आखणी, म्हणजे खरं काम

कडा उसवू नयेत म्हणून मशीनवर झिगझॅग मारून घ्या. कापड उभं-आडवं दुमडून मध्य काढा. त्या मध्यापासून चारी दिशांना दर 10 चौकटींवर शिलाईच्या फिक्या धाग्याने सैल धावदोरा घाला. वहीतल्या कुयरीवरही मध्यापासूनच दर 10 चौकटींवर ठळक रेघा ओढा. आता कापडावर आणि कागदावर तेच चौकोन दिसतील. एक फुली चुकली तरी ती त्याच चौकोनात पकडली जाते, पुढच्या तीस ओळी उसवाव्या लागत नाहीत. कापडावर पेनाने रेघा मारायचा मोह आवरा. हे काम रटाळ आहे, पण एका दुपारीत उरकतं.

पहिली ओळ

2 पदरांचं काम असेल तर गाठ लागतच नाही. साधारण 90 सेंटीमीटरचा एकच पदर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही सुटी टोकं सुईत ओवा. दुसरीकडे फास राहील. मध्याजवळच्या चौकटीच्या डावीकडच्या खालच्या भोकातून सुई वर काढा, फास मागे थोडा राहू द्या. उजवीकडच्या वरच्या भोकात सुई खाली न्या आणि मागच्या फासातून ओढून घ्या. धागा अडकला. 3 पदर असतील तर मागे दोन बोटं शेपूट सोडून ते पुढच्या टाक्यांखाली दाबत चला.

ओळीतले तिरके टाके आधी डावीकडून उजवीकडे घाला, मग परत येताना त्यावर उलटे तिरके. वरचा टाका सगळ्या कामात एकाच दिशेला हवा. दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो आणि तेवढाच भाग डोळ्यांत खुपतो. धारवाडच्या कसुती भरतकामातला मेंथी टाकाही असाच फुलीचा, हे जाता जाता. धाग्याला पीळ पडला तर सुई मोकळी लोंबू द्या, पीळ आपोआप सुटतो. धागा संपत आला की मागच्या चार-पाच टाक्यांखालून ओढून कापा.

उठताना

कैरीची डाळ वाटून, पन्हं ढवळून थेट कापडाला हात लावू नका. हळदीचा डाग जन्मात निघत नाही. घाम असेल तर हात धुऊन पुसा. रिंग रात्री काढून ठेवा, नाहीतर तिचा गोल वळ राहतो. आणि कुणी दारावरची बेल वाजवली तरी आधी झालेल्या फुल्यांवर वहीत पेन्सिलीची रेघ मारा, मगच उठा.